नक्षत्र सांगणारे किडे

मृग लागल्याची तारीख पंचांगात छापलेली असते, ७ किंवा ८ जून. पण वणीकडच्या आमच्या गावात नुसत्या छापील तारखेवर कोणी तिफण बाहेर काढत नाही. धुऱ्यावर मृगाचा किडा दिसावा लागतो. पहिला दमदार पाऊस पडून गेला, जमिनीची वाफ निघाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो लालभडक मखमली जीव मातीवरून सावकाश चालताना दिसतो. नावाला किडा, पण पाय आठ, म्हणजे कोळी-विंचवांच्या गोतातला. बोट लावलं की आठही पाय पोटाशी ओढून मेल्याचं सोंग घेतो. तळहातावर ठेवून जरा दम धरला, तर आधी पुढचे दोन पाय चाचपडत बाहेर येतात, मागून बाकीचे, आणि स्वारी बोटांच्या बेचक्यातून खाली उतरायची वाट शोधू लागते.

मला त्याच्या रंगाचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त त्याच्या नोकरीचं. वर्षातले थोडेच दिवस दिसायचं, सगळ्या शिवारांत एकदम दिसायचं, आणि शेंबड्या पोरानंही ओळखावं असं दिसायचं. वेळ सांगायला आणखी काय लागतं? बैल बारा महिने दावणीला असतो, म्हणून तर त्याला पाहून कोणी नक्षत्र सांगत नाही.

पृथ्वीचं पंचांग मांडणाऱ्यांनीही असेच किडे नेमले आहेत, हे मला पुतण्यामुळे कळलं. तो नागपूरला भूशास्त्र शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने मोबाइलवर एका ट्रायलोबाइटाचा फोटो दाखवला. ट्रायलोबाइट म्हणजे समुद्रातले कवचधारी प्राणी, अंगाचे उभे तीन भाग पडलेले. साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी ते दिसू लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांच्यातले मोठे ७० सेंटीमीटरपर्यंत वाढत. फोटोतला मात्र पुरता सेंटीमीटरभरही नव्हता. नाव अ‍ॅग्नॉस्टस.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो निरखला. ‘‘याचं डोकं कोन्तं अन् बूड कोन्तं बे?’’

‘‘आबाजी, तीच तर गंमत आहे जी,’’ पुतण्या म्हणाला.

खरोखरच गंमत आहे. पुढे एक गोलसर ढाल, मागे जवळपास तशीच दुसरी, आणि मधल्या धडाला कड्या फक्त दोन. इतर ट्रायलोबाइटांचे डोळे इतके नावाजलेले, की भिंगं थेट कॅल्साइट खनिजाची. याला डोळेच नाहीत. धोका वाटला की दोन्ही ढाली एकमेकींवर मिटून घ्यायच्या. वाढताना हा कवच टाकत जायचा, त्यामुळे एकाच जिवाची कितीतरी कवचं मागे उरायची. स्वीडनमधल्या काळ्या पाटीदार खडकात या सुट्या ढालींचा नुसता खच पडलेला असतो. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने अठराव्या शतकातच त्यांची दखल घेतली होती. अ‍ॅग्नॉस्टस हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राँन्यार यांनी १८२२ मध्ये दिलं.

आता त्याची नोकरी. साधारण ५४ ते ४९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला कँब्रियन कालखंड म्हणतात, त्याचे दहा भाग पाडले आहेत. त्यातल्या चार भागांची सुरुवात या अ‍ॅग्नॉस्टस घराण्यातल्या कोणत्या ना कोणत्या जातीच्या पहिल्या हजेरीवरून ठरते. चीनच्या हुनान प्रांतात पैबी इथे खडकांच्या एका थरात ग्लिप्टॅग्नॉस्टस रेटिक्युलॅटस पहिल्यांदा सापडतो. कवचावर जाळीदार नक्षी, त्यामुळे ओळखायला अवघड नाही. त्या थरापासून पैबियन नावाचा भाग सुरू, सुमारे ४९ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी. २००३ मध्ये त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. हीच जात दूरदूरच्या खंडांवर सापडते आणि खडकाच्या थोड्याच जाडीत सापडते. म्हणून चीनमधला थर आणि अमेरिकेतला थर एकाच वेळचे, असं छातीठोक सांगता येतं. फार काळ टिकली असती तर या कामाला नालायक ठरली असती. चिवटपणाचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत, त्यामुळे हे वाचून मला बरं वाटलं.

आपल्याकडचाही एकजण या पंचांगात आहे. ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस, त्याच काळातला, पण डोळे असलेला, दुसऱ्या घराण्यातला ट्रायलोबाइट. हिमाचलातल्या स्पितीत सापडलेल्या जीवाश्मांवरून रीड या शास्त्रज्ञांनी १९१० मध्ये त्याचं वर्णन केलं. आता वुलियन नावाचा भाग त्याच्या पहिल्या हजेरीपासून मोजतात, फक्त ती हजेरी चीनमधल्या खडकात लावलेली आहे.

हे सगळं ऐकल्यावर आपल्या वावरात खणून पाहावं असं कोणालाही वाटेल. पुतण्याने तो उत्साह लगेच मोडला. काळ्या मातीखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे फारच अलीकडचा. चुनखडी ट्रायलोबाइटांच्या कितीतरी आधीची. मधल्या काळातला म्हणावा तर कोळसा, पण तो जमिनीवरच्या दलदलींतला, आणि हे प्राणी समुद्राचे. जुनं आहे, नवं आहे, नेमकं हवं ते नाही. विदर्भाच्या नशिबाची आम्हाला सवय आहे.

बाबांना मात्र वेगळीच शंका. ‘‘हा त्या ट्रायलोबाइटाच्याच घरचा का?’’

इथे पुतण्या चाचरला, कारण तो वाद जुना आहे. स्वीडनच्या चुनखडीचे गोळे सौम्य आम्लात विरघळवून त्यातून अ‍ॅग्नॉस्टसची मिलिमीटरभराचीही नसलेली पिल्लं मिळाली, पाय आणि मिशा शाबूत असलेली. १९८७ मध्ये म्यूलर आणि वालोसेक यांनी त्यांचं वर्णन केलं. ते पाय पाहून अनेकांना वाटलं, हे ट्रायलोबाइट नव्हेतच, खेकडे-झिंग्यांच्या बाजूचे आहेत. मग २०१९ मध्ये कॅनडातल्या बर्जेस शेल नावाच्या खडकातल्या जीवाश्मांवर अभ्यास आला. त्यात मोठ्या वयाच्या प्राण्यांचे मऊ अवयव तपासले होते, आणि पारडं पुन्हा ट्रायलोबाइटांच्या नात्याकडे झुकलं. तरी हे आतले म्हणायचे की चुलत, यावर एकमत नाही.

बाबांनी चष्मा खाली घेतला. ‘‘पन्नास कोटी वर्सं झाले अन् अजून वारसाची नोंदच नाही? आपल्या तलाठ्याच्याई वरताण निंघाले हे लोक.’’