लढलेल्या सैनिकाचं व्याख्यान ठरवताना: माझा अनुभव

माजी सैनिकांनी स्वतःच्या लढाईबद्दल बोलावं, अशी व्याख्यानं मी बरीच वर्षं आखतो. त्यात माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो आधीच्या भेटीत. दोन-तीन आठवडे आधी, शांत जागी, निदान तासभर. तिथे माझा पहिला प्रश्न असतो, "काय विचारलेलं चालणार नाही?" कुणाला गेलेल्या सोबत्याचं नाव नको असतं, कुणाला कैदेतले दिवस. हे मी तिथल्या तिथे लिहून घेतो आणि कागद सूत्रसंचालकाला देतो. तोंडी सांगितलेलं ऐनवेळी हमखास विसरलं जातं.

मग विषय लहान करायचा. अख्खं युद्ध चाळीस मिनिटांत बसवायला गेलं की नुसत्या तारखा आणि तुकड्यांची नावं हाती लागतात. एक रात्र किंवा एक पूल पुरे. त्यातही मी बारीक विचारतो: पाठीवर किती ओझं होतं? पाणी किती उरलं होतं? वायरलेसवर शेवटचं काय ऐकू आलं? "तेव्हा कसं वाटलं?" या प्रश्नाला दोन शब्दांत उत्तर मिळतं, बाटलीत किती पाणी होतं हे विचारलं की आठवण आपोआप उलगडते. तारखा आणि आकडे मात्र तुकडीची युद्धरोजनिशी मिळाली तर तिच्याशी ताडून घ्यावेत. दोन्हींत फरक पडला तर वक्त्याची आठवण खोडू नये. "मला आठवतं ते असं" एवढं त्यांनी म्हणावं. खंदकातल्या माणसाला समोरचे पन्नास पावलंच दिसतात आणि श्रोते तेच ऐकायला आलेले असतात. हाताने काढलेला एक नकाशा मात्र हवाच: आपण कुठे, समोरचे कुठे, उत्तर दिशा कुठे.

परिचय लिहून वक्त्यांना आधी वाचायला द्या. हुद्दा, पलटण, पदक यांत एक शब्द जरी फुगला तरी त्यांची पहिली पाच मिनिटं दुरुस्तीत जातात आणि मन खट्टू होतं ते वेगळंच.

आता आवाज. इथेच सर्वांत जास्त फसतं. तोफा-बंदुकांच्या आवाजाने कान जातो तो आधी उंच पट्टीत, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ, ट निसटतात आणि प्रश्न भलताच समजतो. आवाज नुसता वाढवून भागत नाही. प्रश्न सूत्रसंचालकाने वक्त्यांकडे तोंड करून, सावकाश, पुन्हा म्हणावा. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा. पदकं त्यावर खडखडत असतील तर दुसऱ्या बाजूला. माईकची चाचणी वक्ते यायच्या आधी उरकावी, स्पीकरची अचानक शिट्टी त्यांच्या कानावर पडता कामा नये. फ्लॅश बंद. खुर्ची अशी ठेवावी की दार समोर दिसेल. पाठीशी दार असलं की काहींचं लक्ष सारखं तिकडे जातं.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत. "तुम्ही किती जणांना मारलं?" हा प्रश्न कुणीतरी लिहितोच, बहुधा मुलं. त्यांना रागावू नये, ती चिठ्ठी फक्त बाजूला ठेवावी. प्रश्नांना वीस मिनिटं पुरतात. वक्ते मध्येच गप्प झाले तर पाच-दहा सेकंद कुणीही काही बोलू नये. त्याहून जास्त थांबले, तर सूत्रसंचालकाने नकाशावरचं पुढचं ठिकाण दाखवून अलगद वाट काढून द्यावी. टाळ्यांनी ती शांतता कधीही भरू नये.

ध्वनिमुद्रणाची परवानगी लेखी घ्यावी, आणि एखादा भाग वगळायची मुभा त्यांना नंतरही असावी. अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय, २००० सालापासून माजी सैनिकांच्या मुलाखती जतन करतं. तिथे मुलाखत किमान ३० मिनिटांची लागते. आपणही एवढं सलग मुद्रण ठेवावं.

कार्यक्रम संपल्यावर वक्त्यांना लगेच फोटोंच्या गर्दीत ढकलू नये. पाणी द्यावं, दहा मिनिटं वेगळ्या खोलीत बसू द्यावं, घरापर्यंत सोबत द्यावी. बोलून ढवळलेलं बहुतेक वेळा रात्री वर येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करतो आणि व्याख्यानाबद्दल बोलायच्या आधी झोप लागली का ते विचारतो.