निफाडची थंडी आणि टिलव्याची पिल्लं

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, की 'थंडी वाढली, पाहुणे पक्षी आले' ही बातमी ठरलेली. निफाडजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पाणथळीच्या चिखलात तुरुतुरु पळणारा छोटा टिलवा हा पाहुणा पक्षी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरातच, आपल्याला घाम फुटत असताना, येऊन पोचलेला असतो. थव्यात यंदाची पिल्लं किती, हे तर त्याच्याही आधी, जून-जुलैत, सैबेरियाच्या टुंड्रात ठरून गेलेलं असतं.

पंचवीसेक ग्रॅमचा जीव. मादी चार अंडी घालते आणि चारींचं वजन मिळून जवळपास तिच्याइतकंच भरतं. एवढी शिदोरी ती इथून अंगावर नेत नाही. तिथले किडे खाऊनच अंडी घडतात. बर्फ रेंगाळला की म्हणूनच सगळं अडतं. जमिनीचे मोजके तुकडे उघडे पडतात, घरटी तिथेच दाटतात आणि कोल्ह्याला फार हिंडावं लागत नाही. २०१८ मध्ये ईशान्य ग्रीनलंडमधल्या झाकेनबर्गला इतका बर्फ साचून राहिला, की बहुतेक पक्ष्यांची वीण वायाच गेली.

मग बर्फ लवकर वितळलेला बरा? तिथेही गोम आहे. अंडी उबवायला तीन आठवडे लागतात. पिल्लू दिवसभरात घरटं सोडतं, आणि त्याला कोणी भरवत नाही. चिलटं, डास त्यानेच टिपायचे. या किड्यांचा बहर मोजके दिवस टिकतो. बर्फ आधी गेला की बहरही आधी येतो, आणि अंडी फुटेपर्यंत पंगत उठलेली असते. शिवाय पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. थोडं चरायचं, गारठलं की पंखाखाली शिरायचं. दोन दिवस गार वारा-पाऊस लागला की किडे दडतात आणि पिल्लाचा चरायचा वेळही पंखाखाली जातो.

लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याचाही यात हात आहे. बर्फावर पाऊस पडून थर गोठला की त्याचं खाणं खाली अडकतं. लेमिंग घटले की कोल्हे अंड्यांकडे वळतात.

यातलं बरंचसं इथे दुर्बिणीतून मोजता येतं. टिलव्याची पाठ बघा. यंदाच्या पिल्लाची पिसं कोरी, तांबूस-पांढऱ्या कडांची, पाठीवर पांढरा 'व्ही' ठळक. प्रौढाची पिसं विटकी, झिजलेली, मधूनच नवं राखाडी पीस. प्रौढ आधी येतात, त्यामुळे ऑगस्टच्या मोजणीत पिल्लं जवळजवळ नसतातच; नोव्हेंबरनंतर पिल्लंही पिसं बदलून राखाडी होतात आणि फरक मिटतो. सप्टेंबरअखेरचा पंधरवडा धरावा, दरवर्षी तोच. पिल्लांचे थवे कधी वेगळे चरतात, म्हणून एकाच काठावर मोजून चालत नाही.

वरच्या गंगापूर-दारणा धरणांचा विसर्ग चालू असला तर चिखल पाण्याखाली जातो आणि टिलवे पांगतात. त्या वर्षीच्या आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहून ठेवावी, आणि तो आकडा मागच्या वर्षाशी ताडू नये.