वीस हजारांचे पंधरा कसे झाले?

गोव्यातल्या साखळी शहरातल्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात पॅकिंग, मशीन ऑपरेटर आणि वायरिंगचे कोर्स चालतात. मुलं येतात ती पाळी, वेळगे, कुडणे, सुर्ला, मये या गावांतून. कोर्स संपला की त्यांना कुंडई, होंडा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीला लावायचं आणि पुढचे काही महिने ती टिकतात का ते पाहायचं, हे माझं काम. नोकरी लावून देणं तसं सोपं असतं. मुलं गळतात ती नंतर, आणि बहुतेक वेळा पहिला पगार हातात पडला की.

त्या दिवशी सात तारीख होती. सकाळीच कुंडईच्या एका कारखान्यातून एचआरचा फोन आला. आमची चार मुलं शिफ्टला आलीच नव्हती, आणि त्यांतल्या एकाने व्हॉट्सॲपवर राजीनामा पाठवला होता. मी केंद्रावर पोचले तर चौघेही पायऱ्यांवर बसलेले. राजीनामा पाठवणारा पाळी गावचा मुलगा मला बघून उठला आणि मोबाईल पुढे करत म्हणाला, "मॅडम, वीस सांगितले होते. पंधरा आले. पाच हजार कंत्राटदाराने खाल्ले."

हा राग मला खोटा वाटत नाही. पगारातून पीएफ कापायचा आणि भरायचाच नाही, असे प्रकार घडतात, आणि या मुलांनी ते घरीदारी ऐकलेले असतात. त्यामुळे "नियमच आहे तो" म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटणारं नव्हतं. वर्गात चालू बॅचचा वायरिंगचा तास सुरू होणार होता. तो दुपारवर ढकलला, चौघांना आत घेतलं आणि पाळीच्या मुलाची पगाराची स्लिप त्याच्या परवानगीने फळ्यावर उतरवली.

बेसिक 14,000. घरभाडे भत्ता 3,500. एकूण 17,500. मग कपात: पीएफ 1,680, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 132, कँटीन 600. हातात 15,088.

"मग वीस कुठे आहेत?" चौघांतला एक म्हणाला. मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला कंपनीचा खर्च मांडला. बेसिकच्या 12 टक्के मुलाकडून जातात, तेवढेच कंपनीला घालावे लागतात, म्हणजे आणखी 1,680. ईएसआयला मुलाचे पाऊण टक्का, कंपनीचे सव्वातीन टक्के, म्हणजे 569. पीएफचे किरकोळ आकार धरून बेरीज वीस हजारांच्या अगदी जवळ जाते. मुलाखतीत सांगतात तो आकडा हा, सीटीसी. कंपनीला एक माणूस महिन्याला कितीला पडतो, तो. मुलगा मात्र तो आकडा ऐकून घरी सांगतो की मला वीस हजार मिळणार, आणि त्यावर मोबाईलचा हप्ता, खोलीचं भाडं, चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च सगळं ठरून जातं. मुलाखतीच्या वेळीच "हातात साधारण पंधरा येतील" असं एक वाक्य बोलायला कुणाचं काय जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पीएफचं पटेना. "आमच्या नावावर जमा होतात कशावरून?" पाळीच्या मुलाने विचारलं. रास्त प्रश्न. पण पंचाईत अशी की पगार सातला होतो आणि पीएफ भरायची मुदत 15 तारखेपर्यंत असते. त्या दिवशी त्याच्या पासबुकात काही दिसणारच नव्हतं.

नेमकी त्याच वेळी मयेची एक मुलगी दारात उभी होती. आमच्या जुन्या बॅचची, त्याच कारखान्यात वर्षाच्या वर टिकलेली. तिचा वीकली ऑफ होता आणि ती माझ्याकडे वेगळ्याच कामाने आली होती. मी तिला विचारलं, तुझं पीएफचं पासबुक यांना दाखवशील का? तिने सरकारी उमंग ॲप उघडलं. महिन्यामागून महिने, प्रत्येक ओळीत तीन आकडे: तिचे 1,680, कंपनीचे 514 आणि पेन्शनमध्ये गेलेले 1,166. बॅचमधली मुलं मोबाईलभोवती गोळा झाली. आधी तिचे आणि कंपनीचे मिळून महिन्याचे 2,194 काढले, मग वर्षाचे. सव्वीस हजारांच्या वर, व्याज वेगळं. 2024-25 ला ते सव्वाआठ टक्के होतं. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा आपला कायमचा नंबर, तोच ठेवायचा आणि पैसे काढून न घेता नव्या कंपनीकडे वळवायचे, पाच वर्षांच्या आत काढले तर त्यावर कर लागू शकतो, हेही तिथेच सांगून झालं.

मग ती मुलगी सहज बोलावं तसं बोलली: "हे तेवढंच माझं आहे. बाकीचं दादाकडे असतं."

ज्या कामासाठी ती आली होती ते असं निघालं. तिच्या पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड भावाकडे. आईचे गृह आधार या गृहिणींसाठीच्या सरकारी योजनेचे 1,500 रुपयेही तोच काढून आणतो. चवथीच्या आधी भावाला मोटारसायकल हवी होती. त्याला पगाराची स्लिप नाही, हिला आहे, म्हणून कर्ज हिच्या नावावर. सुरुवातीचे हप्ते गेले, मग एका महिन्यात हप्त्याच्या तारखेआधीच खातं रिकामं झालं आणि हप्ता बाऊन्स झाला. आता फायनान्सवाल्यांचे फोन येत होते, तेही ती मशीनवर असताना. सुपरवायझरने एकदा हटकलं होतं. नोकरी सोडावी का, हे विचारायला ती आली होती.

हे भर वर्गात बोलायचं नव्हतं, म्हणून मी तिला ऑफिसात नेऊ लागले. तीच म्हणाली, "राहू दे मॅडम, यांनाही कळू दे."

पाळीच्या मुलाने कर्जाचा कागद मागितला. त्याच्या वडिलांचा खाणीवर ट्रक होता. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा हा लहान होता. मधे थोडं सुरू झालं आणि 2018 च्या मार्चपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सगळं बंद झालं. अंगणात उभा ट्रक आणि बँकेची पत्रं हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं. पीएफ म्हणजे चोरी समजणारा हा मुलगा कर्जाचा कागद मात्र माझ्याआधी वाचत होता. "हप्ता किती? 3,250. महिने? 36. गुणा." 1,17,000. "घेतले किती?" 90,000. "मग दहा टक्के व्याज कसं म्हणता?"

तिथून पुढचं मी सांगितलं. कागदावरचे हे दहा टक्के फ्लॅट होते. तीन वर्षं दर वर्षी पूर्ण 90,000 वर दहा टक्के, जणू मधे एकही हप्ता फेडलेला नाही. उरलेल्या मुदलावर दहा टक्के धरले असते तर हप्ता 2,904 च्या आसपास आला असता आणि एकूण व्याज साडेचौदा हजार. ती भरणार होती 27,000. खरा दर जवळपास 18 टक्के. सही करताना तिला हप्ता तेवढा सांगितला होता, आणि हप्ता परवडतोय म्हणून घरच्यांनी हो म्हटलं. गाडी भाऊ चालवतो, पण बाऊन्सची नोंद हिच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावर. उद्या हिला स्वतःसाठी कर्ज हवं झालं तर बँक हिलाच विचारणार.

भावाला शिव्या घालायला वर्गातली मुलं तयारच होती. मी त्यात पडले नाही. आपल्याकडे रात्री शिफ्ट सुटली की बस नसते, दुचाकीशिवाय नोकरी होत नाही, आणि त्या घरात गाडीची गरज खरीच होती. प्रश्न एवढाच की पगार जिचा, तिच्या हातात तो आधी यावा. मुलीने घरी जाऊन आईला तो हिशोब दाखवला. पुढचं आईने केलं. कार्ड परत आलं, पिन बदलला, आणि भावाने दर महिन्याला हप्त्याच्या तारखेआधी 3,250 तिच्या खात्यात घालायचे असं ठरलं. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. एका महिन्याला त्याने पैसे उशिरा दिले आणि तिने ते तिच्यातून भरले. पण नोकरी तिने सोडली नाही.

चौघांतले तिघे दुसऱ्या दिवशी कामावर गेले. चौथा कळंगुटला शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलात लागला, 18,000 रोख. त्याला मी अडवलं नाही. पावसाळ्यात शॅक बंद होतात, तेवढे महिने काय करणार ते आताच ठरव आणि वर्षाला 20 रुपयांचा तो सरकारी अपघात विमा (प्रधानमंत्री सुरक्षा विमा) तरी काढ, एवढं सांगितलं.

पैशांचं शिक्षण सरकारी अभ्यासक्रमात नाही असं नाही. एम्प्लॉयेबिलिटी स्किल्समध्ये आर्थिक साक्षरतेचा भाग असतो, रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह 2016 पासून दर वर्षी होतो. पण ते शिकवलं जातं मुलाच्या खिशात एक रुपया नसताना. पाहुणे येतात, चांगलं बोलतात, फोटो होतो. सात तारखेला मोबाईलवर पगाराचा मेसेज येतो तेव्हा शेजारी कुणी नसतं. म्हणून आता आमच्याकडे स्लिप वाचणं हा पहिल्याच आठवड्यातला विषय आहे, मशीनच्या सुरक्षेइतकाच सक्तीचा. ऑफर लेटरवर हातात येणारा आकडा लिहून दिल्याशिवाय मी मुलांना कामावर पाठवत नाही. आणि पहिल्या पगारानंतरच्या रविवारी सगळ्यांना परत बोलावते, शक्य असेल तर आईवडिलांसकट. कार्ड कुणाकडे आहे हे त्यांच्यासमोरच विचारते. घरातल्या गोष्टीत हात घालता म्हणून एकदोन पालक रागावले. रागावू देत.

एक राहिलं. त्या दिवशी फळ्यावरच्या कँटीनच्या 600 वर पाळीच्या मुलाने बोट ठेवलं होतं. तो डबा घरून नेतो. कामगाराने मान्य केल्याशिवाय अशा सोयीचे पैसे कापता येत नाहीत, आणि त्याच्या संमतीची सही कुठेच नव्हती. राजीनामा मागे घेऊन त्याने अर्ज लिहिला, आधी मराठीत, मग एचआरने मागितला म्हणून इंग्रजीतही. पुढच्या महिन्याच्या स्लिपमध्ये एरियर्सच्या ओळीत 600 रुपये परत आले. ती स्लिप त्याने आमच्या ग्रुपवर टाकली आणि खाली विचारलं, "मॅडम, ईएसआयमध्ये आईचं नाव घालायला काय लागतं?" आईचं आधार घेऊन ये म्हटलं.