आबुएलाची गॅसबत्ती

क्यूबातल्या वाराडेरोला आम्ही तीन दिवस होतो. समुद्र निळाशार, वाळू पिठासारखी, हॉटेलात खाण्यापिण्याची चंगळ. त्याबद्दल एवढंच. मला लिहायचंय ते हवानात ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजींबद्दल.

क्यूबात लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. आमच्या घरमालकिणीच्या आईला सगळे आबुएला म्हणत, म्हणजे आजी. आम्हीही तेच म्हणू लागलो. वाराडेरोहून आलो म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. "मीही राहिलेय तिथे. 1961 साली. चौदा वर्षांची होते." नात आम्हाला इंग्रजीत समजावून सांगत होती.

क्यूबाने 1961 हे 'शिक्षणाचं वर्ष' ठरवलं होतं. तेव्हा तिथे जवळपास चौथा हिस्सा प्रौढ निरक्षर होते, खेड्यापाड्यांत त्याहून कितीतरी जास्त. त्यांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी सरकारने शाळकरी मुलांना हाक दिली आणि सुमारे एक लाख मुलं-मुली पुढे आल्या. निम्म्याहून अधिक मुलीच होत्या. आई-वडिलांची लेखी परवानगी लागायची. आबुएलाच्या वडिलांनी दोन आठवडे सही दिली नव्हती. मग वाराडेरोत थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण, आणि गणवेश, बूट, झोळी, पुस्तक अन् एक बत्ती देऊन थेट डोंगरात रवानगी. ज्या किनाऱ्यावर मी तीन दिवस नुसती लोळले, तिथे हे घडलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला खूप वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मारियानाओ भागातलं साक्षरता मोहिमेचं संग्रहालय गाठलं. ते सिउदाद लिबेर्तादमध्ये आहे. पूर्वी ही लष्कराची छावणी होती, 1 जानेवारी 1959च्या पहाटे हुकूमशहा बातिस्ता इथूनच पळाला. नंतर तिथे शाळा आल्या. संग्रहालयात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. हवानातल्या जुन्या गाड्यांत बसून फोटो काढायला पर्यटकांची रांग लागते आणि इथे शुकशुकाट, हे मला अजिबात आवडलं नाही.

काचेच्या कपाटात ती बत्ती होती. मी ओरडलेच, "अहो, ही तर पेट्रोमॅक्स!" आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर असायची तीच जात. तिथे तिला 'चिनी कंदील' म्हणतात. दिवसा मुलं शेतकऱ्यांबरोबर राबायची आणि रात्री याच उजेडात शिकवायची.

शिकणाऱ्यांची शेवटची परीक्षा म्हणजे फिदेल कॅस्ट्रोंना पत्र. अशी सात लाखांहून अधिक पत्रं तिथे जपली आहेत. पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली. माझी आजी साताऱ्याकडची. ग्रामशिक्षण मोहिमेच्या रात्रीच्या वर्गात ती सही शिकली. रेशनकार्डावर तिची सही अशीच मागून हाताला लागायची. त्या कपाटापुढे मला रडू आवरेना.

हे सगळं गोडगोड नव्हतं. पुस्तकाचा पहिला धडाच राजकीय, स्वर शिकवायचे तेही अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेच्या 'ओ-ई-ए' या स्पॅनिश आद्याक्षरांवरून. एस्कांब्राय डोंगरात सरकारविरोधी टोळ्यांनी कॉनरादो बेनितेस या अठरा वर्षांच्या शिक्षकाला जानेवारीत मारलं. नोव्हेंबरात सोळा वर्षांच्या मान्युएल आस्कुन्सेला मारलं, त्याच्याबरोबर पेद्रो लांतिगुआ या शेतकऱ्यालाही. तरी मुलं मागे फिरली नाहीत. 22 डिसेंबरला देश निरक्षरतामुक्त जाहीर झाला, आणि तोच दिवस तिथे शिक्षक दिन असतो.

त्या रात्री हवानात वीज गेली. हल्ली रोजचंच आहे म्हणे. उकाडा असह्य होता. मोबाइलच्या उजेडात आबुएला सांगत होत्या, "माझा विद्यार्थी माझ्या वडिलांपेक्षा मोठा होता. पेन्सिल कोयत्यासारखी मुठीत धरायचा. मग मी असा हात धरला." त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं कोरडी, पकड घट्ट.

मग म्हणाल्या, "तुझ्या लिपीत माझं नाव लिहून दाखव." मी वहीत लिहिलं. त्यांनी चष्मा लावला, जीभ दातांत धरली आणि खाली एकेक अक्षर उतरवू लागल्या. शिरोरेघ राहून गेली. मी सांगायच्या आत त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढली.