काकूंचं पान आणि माझी स्क्रिप्ट

गावच्या वाचनालयाचे जुने छापील अंक काकूंनी स्कॅन करायला घेतले आणि पुढचं माझ्या गळ्यात पडलं. स्कॅनरमधून आलेल्या जेपेगमधला मराठी मजकूर टेसरॅक्टने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने, काढायचा. काकू सकाळी स्कॅन करतात, तेव्हा मी ऑफिसात. म्हणजे फाइल फोल्डरात पडली की काम आपोआप व्हायला हवं.

आधी दर मिनिटाला फोल्डर चाळणारा क्रॉन (ठरलेल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) लावला. कुठलं पान झालं, कुठलं राहिलं, याचा हिशेब ठेवून वैतागलो आणि इनोटिफायकडे वळलो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, ही सोय २००५ पासून आहे. फोल्डरात काही हललं की कर्नलच कळवतं, आपण सारखं डोकवायला नको. (फोल्डर दुसऱ्या मशीनवरून जोडलेलं असेल तर मात्र तिकडे झालेले बदल याला कळत नाहीत. आमचं फोल्डर त्याच मशीनवर होतं, सुटलो.) स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडच्या यादीत, कर्नलच्या निरोपाची वाट बघणाऱ्या इनोटिफायवेट कमांडला ‘क्रिएट’ या घटनेवर बसवलं, घरी एक फाइल टाकून बघितली. झकास.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. ‘‘अरे, मजकूर अर्ध्यातच तुटलाय.’’ स्कॅन उघडला तर पान पूर्ण! पुन्हा चालवलं तर मजकूरही पूर्ण. दोन संध्याकाळी टेसरॅक्टला शिव्या घातल्यावर उजेड पडला. ‘क्रिएट’ म्हणजे फाइल जन्माला आली, एवढंच. तेव्हा ती शून्य बाइटची असते. स्कॅनर वायफायवरून सावकाश पान पाठवतोय आणि माझी स्क्रिप्ट आलं तेवढंच वाचून मोकळी. घरची चाचणी फसवी होती, कारण तिथे कॉपी क्षणात झाली. ‘क्रिएट’च्या जागी ‘क्लोज_राइट’ घातलं, म्हणजे लिहिणाऱ्याने फाइल बंद केली की मगच हाक. शिवाय ‘मूव्ह्ड_टू’ही, कारण फाइली कॉपी करणारे आरसिंकसारखे प्रोग्रॅम आधी तात्पुरत्या नावाने लिहितात आणि शेवटी नाव बदलतात.

मग मला शहाणपण सुचलं. पानं तिरकी येत होती, म्हणून इमेजमॅजिक या चित्रं सुधारणाऱ्या प्रोग्रॅमने सरळ करून ‘स्वच्छ-’ असं नाव जोडून ठेवायची ओळ वाढवली. ठेवायची कुठे, तर त्याच फोल्डरात. संध्याकाळी येतो तर पंखा घरघरतोय आणि फाइलचं नाव ‘स्वच्छ-स्वच्छ-स्वच्छ-स्वच्छ-’ करत स्क्रीनबाहेर गेलेलं. प्रत्येक स्वच्छ पान नवीन पान म्हणून पुन्हा स्वच्छ होत होतं. बारा वेळा झाल्यावर थांबलं, तेही माझ्या पुण्याईने नव्हे. फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे एक ‘स्वच्छ-’ १९ बाइटला पडतो (पाय मोडल्याची चिन्हं धरून सहा चिन्हांचे अठरा, आडव्या रेघेचा एक). इंग्रजी नाव दिलं असतं तर आणखी कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या. निकालासाठी वेगळं फोल्डर केलं आणि प्रकरण मिटलं.

राहिली वीज. भर कामात गेली, आली, मशीन चालू होताना प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीने स्क्रिप्ट उठवली; पण रांगेतली नऊ पानं तशीच पडून. ती आधीच आलेली, त्यांची वर्दी परत कोण देणार? आता स्क्रिप्ट सुरू होताना निकाल नसलेली सगळी पानं एकदा उचलते. पण इनोटिफायचा पहारा आधी बसवायचा, राहिलेल्या पानांची झाडाझडती नंतर. उलट केलं तर मधल्या क्षणी आलेलं पान दोन्हींतून निसटतं. या क्रमाने एखादं पान दोनदा येतं, एवढंच. निकाल आधीच असला की ते सोडून देतो.