पृष्ठ क्रमांक 41

विदर्भातल्या एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत मी अभिलेखपाल आहे. आमच्या कार्यालयाने एका निवृत्त एस.टी. वाहकांना माहितीच्या अधिकारात असे उत्तर दिले होते की, “आपण मागणी केलेला अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.” उत्तरावर बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांची सही होती, जावक क्रमांक होता, तीस दिवसांची मुदतही पाळली होती. फक्त ते लिहिण्यापूर्वी अभिलेख कक्षात कोणी विचारले नव्हते.

त्या गृहस्थांनी मागितले होते ते असे: त्यांच्या वसाहतीच्या ले-आऊटला 1989 साली मिळालेल्या मंजुरीचे संपूर्ण प्रकरण आणि त्यातील मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे कोणावरही नाही, तरी त्यांनी ते लिहिले होते. वसाहतीतल्या खुल्या जागेच्या रस्त्याकडच्या बाजूला नगरपरिषदेने गाळ्यांचे काम सुरू केले होते आणि ती पट्टी खुल्या जागेतच मोडते की बाहेर, हे त्यांना मूळ नकाशावरून पाहायचे होते. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा लागतो. त्यांचा अर्ज त्याहून आटोपशीर होता. अर्जदारांना त्रासदायक म्हणण्याची आमच्या कार्यालयांत जी सवय जडली आहे, तिला या अर्जात काहीच आधार नव्हता.

उत्तर मिळाल्यावर त्यांनी वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये मुख्याधिकाऱ्यांकडे प्रथम अपील केले, आणि सुनावणी तोंडावर आल्यावर कलम 5(4) चे पत्र माझ्या टेबलावर आले. बाहेरच्यांना या कलमाचे महत्त्व सहसा माहीत नसते. जन माहिती अधिकारी कामात दुसऱ्या कर्मचाऱ्याचे साहाय्य मागू शकतो, आणि एकदा ते मागितले की कसुरीसाठी तो दुसरा कर्मचारीही जन माहिती अधिकारी समजला जातो. दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंडाची टांगती तलवार मग अभिलेखपालाच्या डोक्यावर येते. असे पत्र अर्ज आल्याबरोबर द्यायचे असते. आमच्याकडे ते बहुधा अपिलाच्या तोंडावर दिले जाते, कारण तोपर्यंत जबाबदारी वाटून घेण्याची गरज कोणाला भासत नाही.

प्रकरण शोधायला मला फार वेळ लागला नाही, आणि याचे श्रेय माझे नाही. नव्वदच्या दशकात या कक्षात काम केलेल्या अभिलेखपालांनी अभिलेखांचे वर्गीकरण मन लावून केले होते. कायम जपायचे ते ‘अ’, तीस वर्षांचे ‘ब’, दहा वर्षांचे ‘क’, पाच वर्षांचे ‘क-1’ आणि एका वर्षानंतर नष्ट करायचे ते ‘ड’. ‘अ’ वर्गाची प्रकरणे लाल कापडाच्या रुमालात बांधलेली आणि प्रत्येक रुमालात वर सूची. ले-आऊटच्या मंजुऱ्या कायमच्या, त्यामुळे त्या लालच रुमालात असणार. सूचीत नाव होते, नावाप्रमाणे प्रकरण होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली प्रकरणे मात्र अशी सापडत नाहीत. ती काम संपल्यावर कक्षात येतच नाहीत, टेबलाखाली आणि कपाटांत राहतात. बदली झालेला कर्मचारी प्रभार यादीत “कपाटातील फायली” एवढेच लिहून मोकळा होतो, किती आणि कोणत्या याची मोजदाद नाही. शिवाय अभिलेख कक्ष म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीचे रिकामे खोके ठेवायची जागा, असे मानणारे आमच्यात बरेच आहेत. कलम 4(1)(क) अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते, आणि हा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू आहे. एवढ्या वर्षांत त्या एका कलमाची अंमलबजावणी झाली असती, तर निम्म्या अपिलांची वेळच आली नसती असे माझे ठाम मत आहे.

रुमाल सोडल्यावर मी नेहमीप्रमाणे आधी पाने मोजली. डावीकडे टिपणीचा भाग, उजवीकडे पत्रव्यवहार. पत्रव्यवहाराला लाल पेन्सिलीने 1 ते 67 पृष्ठांक दिलेले होते, आणि 40 नंतर एकदम 43 येत होते. टिपणीत त्या वेळच्या लिपिकाने स्वच्छ अक्षरात लिहिले होते, “मंजूर नकाशा पत्रव्यवहार पृष्ठ 41-42 वर.” म्हणजे प्रकरण होते आणि ज्या एका कागदासाठी ते मागितले होते, तेवढाच कागद त्यात नव्हता.

इथे थोडे तपशिलात जातो, कारण कागद “गहाळ झाला” असे म्हणणे आणि तो कसा गेला हे पाहणे यांत फार अंतर आहे. त्या काळचे नकाशे अमोनिया प्रिंटवर असत. हा कागद साध्या कागदापेक्षा जाड असतो, उजेडात तो फिका पडतो आणि वर्षानुवर्षे घडी करून ठेवला तर शेजारच्या पानांवर पिवळसर तपकिरी डाग सोडतो. पृष्ठ 40 च्या पाठीमागे आणि 43 च्या दर्शनी भागावर घडी केलेल्या मोठ्या कागदाच्या आकाराचा असा डाग स्पष्ट होता. नकाशा तिथे दीर्घकाळ होता याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. दोऱ्याच्या टॅगमध्ये त्याच जाड कागदाचा एक तुकडा अडकलेला होता. वाळवी कागद खाते तेव्हा शेजारची पानेही सोडत नाही, आणि ओल चढली तर ती सगळ्या रुमालाला लागते. इथे बाकीची सारी पाने धडधाकट होती. टॅग न सोडता ओढून काढलेला तो कागद होता.

सुनावणीत मी प्रकरण मिळाल्याचे सांगितले. मुख्याधिकाऱ्यांनी येत्या सोमवारी अर्जदारांना अवलोकन करू द्यावे, असा आदेश दिला. नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा स्तरावरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देणे अपेक्षित आहे. पुणे महानगरपालिकेत हा प्रयोग आधी झाला होता. आमच्या सूचनाफलकावर त्या निर्णयाचा कागद लावलेला आहे, पण त्याप्रमाणे मागणी करणारा माणूस क्वचितच येतो.

सोमवारी ते येण्याआधीच वाद झाला. मी प्रकरणाच्या वर एक प्रमाणपत्र लावले होते: “पत्रव्यवहार पृष्ठे 1 ते 67, पैकी पृष्ठ 41 व 42 प्रकरणात नाहीत. पृष्ठ 40 व 43 वर घडीचे डाग असून टॅगमध्ये कागदाचा तुकडा आहे,” आणि खाली तारीख, वेळ व सही. बांधकाम विभागाच्या अभियंत्यांना हे पसंत नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, अर्जदाराने विचारले तर पाहू, आपण होऊन उणीव लिहून देण्याची गरज काय? मी त्यांना सांगितले की हे प्रमाणपत्र जितके कार्यालयाच्या संरक्षणासाठी आहे तितकेच अर्जदाराच्याही. पृष्ठे न मोजता प्रकरण एखाद्या नागरिकाच्या हाती दिले आणि नंतर दोन पाने कमी निघाली, तर पहिला संशय त्या नागरिकावर जातो. अवलोकनाला आलेल्या सामान्य माणसावर असा आळ येताना मी पाहिलेला आहे, आणि तो खोडून काढायला त्याच्याजवळ कोणतेही साधन नसते. प्रमाणपत्र तसेच राहिले. अभियंत्यांनी त्यावर सही मात्र केली नाही.

गृहस्थ ठरल्या वेळी आले. त्यांनी आधी प्रमाणपत्र सावकाश वाचले, मग सारी पाने एक एक करून उलटली आणि शेवटी टॅगमधल्या तुकड्याला हात न लावता तो वाकून पाहिला. मी त्यांना सांगितले, “काका, नकाशा दुसरीकडे मिळू शकेल. मंजुरीआधी प्रकरण नगर रचना विभागाच्या जिल्हा शाखेकडे गेले होते, त्यांच्याकडे प्रत असायला हवी. अकृषिक परवानगीच्या प्रकरणातही नकाशा जोडलेला असतो, तो महसूलच्या अभिलेख कक्षात मागता येईल.” त्यांनी दोन्ही ठिकाणांची नावे वहीत लिहून घेतली आणि म्हणाले, “भाऊ, नकाशा मी तिकडून आणतोच. पण इथला कसा गेला ते मला सांगा. तो माझा एकट्याचा नव्हता.”

अभियंत्यांनी लगेच सांगितले की, माहितीच्या अधिकारात ‘कसे’ आणि ‘का’ विचारता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते चूक नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात 2008 साली हेच म्हटले आहे की, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे स्पष्टीकरण ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. या निर्णयाचा आधार आमच्या कार्यालयांत जितक्या तत्परतेने घेतला जातो, तितक्या तत्परतेने दिल्ली उच्च न्यायालयाचा 2013 चा विश्वास भांबुरकर प्रकरणातला निर्णय कोणाला आठवत नाही. त्यात म्हटले आहे की, जी माहिती कधीकाळी कार्यालयात होती ती आता सापडत नाही एवढे सांगून सुटका होत नाही. कसून शोध घ्यावा लागतो आणि तरीही न सापडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागते.

‘का’ हा प्रश्न कायद्यात बसत नसला, तरी प्रकरण केव्हा आणि कोणाकडे गेले हे आमच्या प्रकरण वाटप नोंदवहीत लिहिलेले असते, आणि ती नोंदवही हा एक अभिलेखच आहे. ते मी त्यांना सांगितले. अभियंत्यांनी हरकत घेतली की मूळ अर्जात ती मागितलेली नाही, आणि तिच्यात कर्मचाऱ्यांची नावे असल्यामुळे ती वैयक्तिक माहिती ठरते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम 8(1) मधला वैयक्तिक माहितीचा खंड बदलल्यापासून हा शब्द फार सैलपणे वापरला जाऊ लागला आहे. शासकीय कामासाठी शासकीय प्रकरण कोणी नेले, ही नोंद त्या कर्मचाऱ्याची खासगी बाब कशी होईल? शिवाय सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्यायला मुभा देणारे कलम 8(2) जागेवरच आहे. गृहस्थांनी या वादात भाग घेतला नाही. त्यांनी खिशातून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप काढला आणि तिथेच बसून नोंदवहीच्या त्या पानांसाठी दुसरा अर्ज लिहिला.

ती पाने त्यांना दोन रुपये प्रतिपृष्ठ दराने, मुदतीत मिळाली. त्यांवरून एवढे सिद्ध होते: 2003 मध्ये प्रकरण एका न्यायालयीन कामासाठी बाहेर गेले होते आणि परत आल्यावर तेव्हाच्या अभिलेखपालांनी शेऱ्यात “पृ. 1 ते 67 पूर्ण” असे लिहिले आहे. 2014 मध्ये ते बांधकाम विभागाकडे गेले, काही आठवड्यांनी परत आले, आणि त्या वेळी शेऱ्यात फक्त “परत” आहे. त्यानंतर प्रकरण कक्षाबाहेर गेलेले नाही. 2014 च्या नोंदीत नेणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा आहे. सहीच्या रकान्यात एक आखूड वळणाची सही आहे, तिच्यावरून नाव वाचता येत नाही.

ही सही कोणाची हे आमच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. ते तोंडी नाव सांगतात, लेखी मागितले की आठवत नाही म्हणतात. या माणसांसोबत मी रोज जेवतो, त्यांच्या घरच्या कार्यांना जातो, आणि त्यांच्यापैकी कोणी अप्रामाणिक आहे असे मला वाटत नाही. तरीही एका वसाहतीची खुली जागा ज्या कागदावर ठरते तो कागद कोणी ओढून काढला, याविषयी ते ज्या सहजतेने गप्प राहतात, ती मला त्या कागद काढणाऱ्यापेक्षाही जास्त अस्वस्थ करते. मी स्वतः 2014 मध्ये या कक्षात नव्हतो, त्यामुळे ऐकीव नाव टिपणीत लिहिणे मला योग्य वाटले नाही.

जे लिहिता येत होते ते मी लिहिले. नकाशाची प्रमाणित प्रत मागवून प्रकरणाची पुनर्बांधणी करावी, 2014 च्या नोंदीची चौकशी करावी आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे कारवाईबाबत निर्णय घ्यावा, अशी टिपणी मी सादर केली. त्या अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पहिला प्रस्ताव मान्य झाला. उरलेल्या दोहोंवर “चर्चा करावी” असा शेरा आला, आणि चर्चा अजून झालेली नाही.

नगर रचना शाखेकडून नकाशाची प्रत गृहस्थांना मिळाली आहे. गाळ्यांची पट्टी त्यात खुल्या जागेच्या हद्दीत दिसते. बांधकाम नियमांत बसते असे विभागाचे म्हणणे आहे, आणि तो वाद आता वेगळ्या ठिकाणी चालू आहे. माहितीचा वाद मात्र त्यांनी सोडलेला नाही. पहिले उत्तर चुकीचे दिल्याबद्दल शास्ती व्हावी आणि गहाळ कागदाची चौकशी व्हावी, यासाठी त्यांनी राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे द्वितीय अपील केले आहे. राज्यात आयोगापुढची प्रलंबित प्रकरणे लाखाच्या घरात गेलेली असल्यामुळे सुनावणी कधी लागेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे आहेत.

सुनावणीत आयोग ती सही कोणाची असे विचारणारच. पडताळणीचे एकच साधन कार्यालयात उरले आहे, ते म्हणजे 2014 चे बांधकाम विभागाचे हजेरीपत्रक, ज्यात रोजच्या सह्या नावांसमोर आहेत. जतनाची मुदत संपल्यामुळे ते यंदाच्या नष्ट करायच्या अभिलेखांच्या यादीत आले होते. मी ते यादीतून वगळले, वगळण्याचे कारण म्हणून द्वितीय अपिलाचा उल्लेख केला आणि यादी मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवली. त्यांनी काही न विचारता तिच्यावर सही केली.