तुम्ही विचारलंत म्हणून: सही करायच्या आधी राज्य बघा

"ताई, लीज आलंय, सत्तावीस पानं आहेत, काय बघू?" नाहीतर "ऑफरमध्ये नॉन-कॉम्पिट (म्हणजे नोकरी सोडल्यावर काही काळ स्पर्धक कंपनीत जायचं नाही अशी अट) टाकलंय, सही करू ना?" न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला आल्यापासून हे मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, बहुतेक भारतातून नुकतीच आलेली मुलं. मी वकील नाही. पण माझं उत्तर ठरलेलं आहे, कागद नंतर वाच, आधी तो कुठल्या राज्याच्या कायद्याखाली येतो ते बघ.

आपल्या डोक्यात असतो १८७२ चा इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट, पुण्यात तोच आणि चेन्नईतही तोच. (भाड्याचे कायदे तिकडेही राज्यागणिक वेगळे, पण कराराचा पाया एकच.) अमेरिकेत तसं नाही, इथे लीज काय आणि नोकरीचा करार काय, बराचसा कायदा राज्याचा असतो, म्हणजे तेच वाक्य एका राज्यात बांधून ठेवतं आणि दुसऱ्या राज्यात त्याला काही किंमत नसते.

मी हे शिकले टेक्सासमध्ये. अपार्टमेंट सोडलं, ऑफिसातल्या बाईंना नवा पत्ता तोंडी सांगितला आणि इकडे आले, डिपॉझिट येईल येईल म्हणून चार महिने वाट बघितली, फोन केले, रडकुंडीला आले. मग कळलं की टेक्सासच्या कायद्यात घरमालकाला डिपॉझिट ३० दिवसांत परत करायचं बंधन आहे खरं, पण तुम्ही नवा पत्ता लेखी देईपर्यंत ते लागूच होत नाही. लेखी न दिल्याने हक्क जात नाही, नुसता अडकून राहतो. एक साधं पत्र पाठवलं आणि चेक आला. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही, कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक ठिकाणी एकच महिना, टेक्सासमध्ये मर्यादाच नाही.

नोकरीचं प्रकरण मला जास्त काळजीचं वाटतं कारण तिथे पोटाचा प्रश्न असतो आणि व्हिसावरची मुलं घाबरून कशावरही सही करतात. कॅलिफोर्नियात नॉन-कॉम्पिट जवळजवळ पूर्णपणे रद्दबातल. आणि बघा, आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ (कामधंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरवणारं) आणि कॅलिफोर्नियाचा हा नियम दोन्ही १८७२ चे आणि दोघांचं मूळही एकच, डेव्हिड डडली फील्ड नावाच्या वकिलाने न्यूयॉर्कसाठी केलेला मसुदा! न्यूयॉर्कने मात्र तो दिवाणी कायदा कधी स्वीकारलाच नाही, त्यामुळे तिथे आणि आमच्या न्यू जर्सीतही मुदत, प्रदेश वगैरे वाजवी असेल तर नॉन-कॉम्पिट कोर्टात टिकू शकतं. म्हणून पुण्यातल्या मित्राने "अरे असलं काही चालत नाही" सांगितलं तर तो त्याच्या जागी बरोबर असतो, पण तुम्ही त्याच्या जागी नसता. २०२४ मध्ये फेडरल पातळीवर देशभर बंदी आणायचा प्रयत्न झाला, तो टेक्सासच्या फेडरल कोर्टाने ऑगस्टमध्येच रद्द केला.

शेवटच्या पानांवर 'गव्हर्निंग लॉ' असं एक कलम असतं, म्हणजे करार कुठल्या राज्याच्या कायद्याने चालणार ते, ते कोणी वाचत नाही, आणि त्याच्याच आसपास 'एन्टायर अग्रीमेंट' असतं, म्हणजे जे काय ठरलं ते या कागदातच. फोनवर एचआरने दिलेला शब्द तिथे बहुधा संपतो. मागच्या महिन्यात एका मुलाला एचआर म्हणाली, "ते नॉन-कॉम्पिटचं कलम आम्ही कधी वापरत नाही हो." मी म्हटलं, मग काढून टाका म्हणून मेल कर, नम्रपणे, आणि अर्ध्या तासाचे पैसे मोजून इथल्या एम्प्लॉयमेंट वकिलाला दाखव. कलम निघालं नाही, पण दोन दिवसांनी नवीन पान आलं, बारा महिन्यांचे सहा झाले होते. मग त्याने सही केली.